बोललेलं पोचावं म्हणून: शब्द, आवाज आणि अंग यांचा रोजचा वापर

खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जत्रेत खिलार बैलाचा सौदा होताना नीट बघा. तोंडाने दोघं पावसापाण्याचं बोलत असतात आणि रुमालाखाली एकाच्या मुठीत दुसऱ्याची बोटं असतात. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा धरला तर पाच. ते पाच शंभर, पाच हजार की त्याहून जास्त, हे जनावर बघूनच दोघांना ठाऊक असतं. हात काढून घेतला की सौदा मोडला, हात तसाच राहिला की अजून जागा आहे. भोवतीच्या दहा माणसांना भावाचा पत्ता लागत नाही. शेतमालाच्या बाजार समित्यांनी नेमकी म्हणूनच ही पद्धत बंद करून खुला लिलाव आणला, कारण माल ज्याचा त्यालाच भाव दिसत नव्हता.

या सौद्यात संवादाचे सगळे भाग आहेत: सांगणारा, ऐकणारा, दोघांना ठाऊक असलेली खूण, ती जाते ती वाट, वाटेतला अडथळा आणि समोरून येणारं उलट उत्तर. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली टेलिफोन-तारेचा विचार करताना सांगणारा, वाट, अडथळा आणि ऐकणारा अशी आकृती मांडली. त्या मूळ आकृतीत उलट उत्तराची वाट दाखवलेली नव्हती. माणसांच्या बोलण्यातली बहुतेक गडबड तिथेच होते. आपण सांगून मोकळे होतो. समोरच्याच्या हातात काय पडलं ते बघायचं राहून जातं. म्हणून पुढची प्रत्येक पायरी शेवटी त्या एका तपासणीकडे जाते.

आधी एक वाक्य कागदावर

महत्त्वाचं काही सांगायचं असेल, मग ते ग्रामसभेत असो, पेशंटच्या नातेवाइकांना असो की घरात जमिनीच्या वाटणीबद्दल, तर आधी एक वाक्य लिहून काढा: "बोलणं संपल्यावर समोरच्याला अमुक माहीत असेल आणि तो अमुक करेल." हे वाक्य लिहिता येत नसेल तर बोलायची वेळ अजून आलेली नाही.

नंतर त्या मजकुराची पाच घरं भरा: कुणासाठी, काय झालंय, काय करायचं, कधीपर्यंत, अडलं तर कुणाला विचारायचं. सांगलीकरांना पुराचं उदाहरण लगेच कळेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. आता हे दोन निरोप शेजारी ठेवा.

पहिला: "पाणी वाढतंय, सगळ्यांनी काळजी घ्या."

दुसरा: "नदीकाठच्या गल्लीतल्या घरांसाठी. आयर्विनला आत्ता ३८ फूट पाणी आहे आणि वाढतंय. जनावरं आणि म्हातारी माणसं आज संध्याकाळी सहाच्या आत शाळेत हलवा. वाहन नसेल तर तलाठी ऑफिसात सांगा."

पहिल्या निरोपाने भीती वाढते आणि हालचाल होत नाही, कारण "काळजी घ्या" म्हणजे काय करायचं हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. "गेल्या वेळी इथवर आलं नव्हतं" असं म्हणणारा माणूस तर हमखास घरीच थांबतो. दुसऱ्या निरोपात आकडा, जागा आणि वेळ आहे, त्यामुळे टाळाटाळीला जागा कमी राहते.

एका वेळी तीनच गोष्टी सांगा. चौथी आली की पहिली निसटते. चार असतीलच तर कागदावर लिहून द्या.

हाक आणि मान

मराठीत वाक्य सुरू व्हायच्या आधीच नातं ठरतं. अनोळखी वयस्क पुरुषाला 'मामा', 'काका' किंवा 'आण्णा', बाईला 'मावशी' किंवा 'आक्का', फारच वय असेल तर 'आजी', 'आबा'. जरा तरुण अनोळखी माणसाला 'पाव्हणं' चालतं. 'दाजी' मात्र अनोळख्याला म्हणू नये; त्यातला बहिणीच्या नवऱ्याचा अर्थ कुणी चेष्टेने घेतं, कुणी रागाने.

'तू' आणि 'तुम्ही'चा नियम सोपा आहे: पहिल्या भेटीत 'तुम्ही', समोरचा वयाने कितीही लहान कामगार असला तरी. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं तर ते समोरच्याच्या परवानगीने. एकाच संभाषणात राग आला की 'तू' आणि काम पडलं की 'तुम्ही' केलं तर मूळ विषय बाजूला राहतो आणि तेवढंच लक्षात राहतं. "काय रं" हे बरोबरीच्या मित्रांत प्रेमाचं असतं. तेच काउंटरच्या पलीकडून आलं तर अपमान होतो. शब्द एकच, पण कुठून आला त्यावर अर्थ ठरतो.

'आम्ही' आणि 'आपण' यांचा फरक मात्र फार कमी लोक जाणून वापरतात, म्हणून इथे थोडं थांबू. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये तो असतो. "आम्ही विहिरीचं काम करणार" म्हटलं की ऐकणाऱ्यावर जबाबदारी नाही. "आपण विहिरीचं काम करू" म्हटलं की त्याचाही वाटा आला. काम वाटून घ्यायचं असेल तिथे 'आपण' वापरा. पण निर्णय चौघांनी बंद दाराआड घेतला असेल आणि सभेत "आपण असं ठरवलंय" म्हणालात, तर "मला कधी विचारलं?" हा प्रश्न येणारच आणि तो रास्तच असेल. तिथे प्रामाणिकपणे "आम्ही चौघांनी असं सुचवलंय, तुमचं काय म्हणणं" असं म्हणावं.

परवा, पावणेदोनशे आणि 'बघू'

काही मराठी शब्द दोन्हीकडून धारदार असतात. 'परवा' म्हणजे होऊन गेलेला आणि येणारा, दोन्ही दिवस. क्रियापदामुळे बहुतेकदा कळतं, पण "परवाचं ऑपरेशन" किंवा "परवाची तारीख" यात क्रियापदच नसतं. वार आणि तारीख जोडा: "परवा, गुरुवारी, १४ तारखेला."

आकड्यांचंही तसंच. सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीचशे म्हणजे २५०. जुन्या माणसाच्या जिभेवर हे सहज असतं, पण इंग्रजी माध्यमातल्या मुलाला पावणेदोनशे हे दोनशेच्या वर की खाली तेच उमगत नाही. फोनवर सात आणि साठ, सदतीस आणि सदुसष्ट, पंचेचाळीस आणि पंचावन्न एकमेकांत मिसळतात. पैशांचा किंवा औषधाचा आकडा असेल तर आधी पूर्ण सांगा, मग अंक सुटे करा: "पंचावन्न, म्हणजे पाच-पाच." मोबाइल नंबर दोन-दोन अंकांच्या जोड्यांत सांगितला तर 'एकोणऐंशी'सारखे आकडे अडतात. एकेक अंक सांगा आणि प्रत्येक तीन-चार अंकांनंतर थांबा.

मग येतात होकाराचे शब्द. ऐकताना 'हं', 'व्हय', 'बरं' हे "मी ऐकतोय" एवढंच सांगतात. बोलणाऱ्याला मात्र वाटतं, समोरच्याने मान्य केलं. 'बघू' हा आपल्याकडे बहुतेक वेळा सभ्य नकार असतो. 'करू की' यात इच्छा असते, पण वेळ नसते. खरा होकार ओळखायचा तर त्यात तीन गोष्टी शोधा: कोण, काय, कधी. "करू की" ऐकल्यावर रागावू नका, फक्त पुढचा प्रश्न विचारा: "मग बुधवारी सकाळी येऊ का न्यायला?" माणूस वार बदलून देतो की विषय बदलतो, त्यावर उत्तर कळतं.

आवाज

समजावून सांगताना वेग कमी लागतो. मोबाइलवर एक मिनिट स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि शब्द मोजा. शंभर ते एकशेवीस शब्द असतील तर नवी माहिती पचते. दीडशेच्या पुढे गेलात तर वेग उतरवा. वाक्यातला प्रत्येक शब्द ओढून सांगितला तर ऐकणाऱ्याला आपण त्याला अडाणी समजतोय असं वाटतं, म्हणून शब्द नेहमीच्या चालीत ठेवा आणि वाक्यांमधली जागा वाढवा. आकडा, तारीख किंवा नाव सांगितल्यावर मनात 'एक, दोन' मोजून पुढे जा.

५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केलं आणि या गावाला नाट्यपंढरी म्हणू लागले. माइक नसलेल्या काळातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर वाक्याचं शेपूट सांभाळावं लागे. आपल्या बोलण्यात आवाज नेमका तिथेच पडतो आणि मराठीत क्रियापद तर वाक्याच्या शेवटी येतं. "उद्या गोळी घ्यायची नाही" यातलं 'नाही' पुटपुटलं गेलं तर निरोप उलटा होतो. श्वास वाक्याच्या आधी घ्या आणि शेवटच्या दोन शब्दांसाठी राखून ठेवा.

समोरच्याचं गप्प राहणंसुद्धा ऐका. १९६० नंतरच्या दशकांत संभाषणांचा बारकाईने अभ्यास सुरू झाला. २००९ साली दहा भाषांत मोजलं तेव्हा हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंतची सरासरी फट सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघाली. त्यात मराठी नव्हती, तरी इतक्या वेगळ्या भाषांत सारखेपणा दिसला ही मोठी गोष्ट आहे. प्रत्यक्ष भेटीत तुमच्या साध्या प्रश्नावर एक सेकंदभर शांतता पडली तर समजा, नकार किंवा अडचण शब्द शोधतेय. तेव्हा प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारू नका. वाट मोकळी करून द्या: "अडचण असेल तर तसं सांगा, दुसरं बघता येईल." फोनवर मात्र नेटवर्कच उशीर करतं, तिथे हा हिशेब लावू नये.

अंग काय बोलतं

"संवादात शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व, आवाजाला ३८ आणि हावभावांना ५५" हे वाक्य प्रशिक्षणांत इतकं फिरलंय की ते आधी बाजूला ठेवायला हवं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे ते प्रयोग १९६७ चे. त्यांत सुटे शब्द, आवाज आणि चेहऱ्याचे फोटो वापरून एवढंच तपासलं होतं की हे एकमेकांशी विसंगत असतील तेव्हा आवड-नावड ओळखायला लोक कशावर भरोसा ठेवतात. पीककर्जाची मुदत किंवा इन्सुलिनची मात्रा सांगताना शब्दच सगळं असतात. चेहऱ्याने मुदत सांगता येत नाही.

अंतर: मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये चार कक्षा मांडल्या. दीड फुटाच्या आत जवळची माणसं, चार फुटांपर्यंत ओळखीची, बारा फुटांपर्यंत कामाची, त्यापुढे सभा. ही मापं अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मध्यमवर्गीयांवरून घेतलेली आहेत, तेव्हा एसटीच्या रांगेत ती शोधू नयेत. कामाच्या बोलण्यासाठी एक ते दीड हात अंतर ठीक, अनोळखी बाई-पुरुष असतील तर त्याहून थोडं जास्त. तपासायची खूण सोपी: समोरचा पाऊलभर मागे सरकला तर तुम्ही पुढे जाऊ नका. तो त्याचं अंतर सांगून मोकळा झाला.

उंची: खाटेवरच्या पेशंटशी, ओट्यावर बसलेल्या आजीशी उभ्याने बोलू नये. बसा, डोळे साधारण एका पातळीवर आणा. टेबल असेल तर समोरासमोरऐवजी कोपऱ्याच्या दोन बाजूंना बसा. एकच कागद दोघांना वाचता येतो आणि वकिली उलटतपासणीचा भास जातो.

डोळे: आपल्याकडे थोरांसमोर नजर खाली ठेवणं हा मान आहे. नवी सून, शाळकरी पोर किंवा साहेबासमोरचा मजूर खाली बघत असेल तर तो खोटं बोलतोय असं समजणं फार मोठा अन्याय आहे. खोटं ओळखण्याच्या बाबतीत माणसाचा अंदाज एकूणच कच्चा: २००६ साली अशा शेकडो प्रयोगांची बेरीज मांडली गेली, तेव्हा बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५४ टक्के निघालं. नाणं उडवलं तर ५०. हावभावावरून निवाडा करू नका, प्रश्न विचारा.

मान: वर-खाली हलली की हो, आडवी फिरली की नाही, आणि खांद्याकडे हलकेच कलली की "ठीक आहे, चालेल". ही तिसरी खूण बाहेरच्या माणसाला नकारासारखी वाटते. घरच्यांना ती पूर्ण होकार वाटते, पण तिच्यात बरेचदा नाइलाज असतो. शब्दांत विचारून घ्या.

हात: पैसे, कागद, पाणी उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी द्या. बोलताना मोबाइल पालथा ठेवू नका, खिशात ठेवा. टेबलावर असला की नजर तिकडे जातेच. कुणाच्या घरी गेलात तर "बसा की" आल्याशिवाय बसू नका आणि आल्यावर "नको, घाई आहे" म्हणू नका. पहिली तीन-चार मिनिटं ऊस तुटला का, पोरं कुठं असतात, यात गेली तर ती वाया जात नाहीत. तेवढ्या वेळात समोरचा तुमचा आवाज आणि हेतू जोखतो. थेट मुद्द्यावर आलेल्या माणसाला आपल्याकडे अडचणीची खरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

ऐकून तपासणं

ऐकण्याला क्रम आहे. बोलणं संपू द्या आणि संपल्यावर मनात दोन मोजा. खरी गोष्ट पुष्कळदा त्या दोन अंकांत बाहेर येते. मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे ठिबकचं अनुदान आलं, पण खात्यावर दिसत नाही, असंच ना?" चुकलं तर समोरचा लगेच दुरुस्त करेल. नंतर एकच प्रश्न विचारा, तोही 'का'ने सुरू न होणारा. 'का केलंत' यात जाब असतो, 'कसं झालं' यात जागा असते.

सांगणारे तुम्ही असाल तेव्हा "समजलं का?" हा प्रश्न पूर्ण सोडून द्या. त्याचं उत्तर 'हो'च येतं, कारण 'नाही' म्हणणं म्हणजे स्वतःला कमी ठरवणं. दवाखान्यांत यासाठी परत सांगायला लावण्याची पद्धत वापरतात. तिची वाक्यरचना महत्त्वाची आहे: "मी नीट सांगितलं का बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईंना गोळ्यांचं काय सांगाल?" यात परीक्षा सांगणाऱ्याची होते. चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे लिहिणाऱ्याला स्वच्छ दिसतं, पण कुणी 'एकशे एक' वाचतं आणि कुणी एका दिवसाआड घेतं. उत्तरात चूक आली तर "अहो, तसं नाही" म्हणू नका. "माझंच गडबडलं, परत सांगतो" म्हणा आणि शब्द बदलून सांगा. तीच वाक्यं जास्त जोराने सांगितली तर त्याच ठिकाणी अडतात.

दोन भाषांच्या मध्ये

मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकच्या सीमेपलीकडून पेशंट येतात आणि जत तालुक्यात कन्नड बोलणारी गावं आहेत. अशा वेळी बरोबरच्या शाळकरी मुलाला दुभाषा करणं टाळा. आजीचा लघवीचा त्रास नातू तिच्यासमोर नीट सांगू शकत नाही आणि तीही त्याला सांगत नाही. मोठं माणूस शोधा. बोलताना दुभाषाकडे न बघता पेशंटकडे बघा, एका वेळी एकच वाक्य सांगा आणि ते दुसऱ्या भाषेत सांगून होईपर्यंत थांबा. मोडकीतोडकी चार वाक्यं आलीच पाहिजेत: "एल्लि नोवु?" म्हणजे कुठे दुखतंय, "एष्टु दिन?" म्हणजे किती दिवस. 'बेकु' म्हणजे हवं, 'बेडा' म्हणजे नको. आकडे बोटांनी दाखवा आणि लिहूनही द्या. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेल्या खानापूर-आटपाडीच्या घरांना हे वेगळं सांगायला नको: परक्या मुलखात आधी आकडे, मग नाती, व्याकरण सगळ्यात शेवटी.

फोन आणि व्हॉट्सअॅप

लिहिलेल्या मजकुरातून आवाज आणि चेहरा निघून जातो आणि वाचणारा ती जागा आपल्या मूडने भरतो. "ठीक आहे." हे पूर्णविरामासह आलं की रुसवा वाटतं, "ठीकय दादा" आलं की नाही. म्हणून तक्रार, नकार आणि वाईट बातमी लिहून पाठवू नये, फोन करावा. उलट रक्कम, पत्ता, तारीख फोनवर सांगितली तरी नंतर लिहून पाठवावी. आवाजी निरोप एक मिनिटाच्या आत ठेवा आणि त्यातले आकडे खाली टाइप करा. ग्रुपवर "रविवारी श्रमदानाला कोण येणार?" असं विचारलं की चाळीस जण वाचतात आणि चार अंगठे येतात. नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर येतं.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायची रीत घातली. समोरासमोर बोलण्याचा सराव करायला दिवसातली अशी ठरलेली वेळ फार उपयोगी पडते. घरात वीस मिनिटांपासून सुरुवात करता येते.

कमी ऐकू येणाऱ्यांशी

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलण्याची पद्धत बहुतेक घरांत उलटी असते: आपण ओरडतो. वयामुळे कान कमी होतात तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजनं त्या पट्टीतली आणि मुळात हलकी. त्यामुळे आबांना आवाज येतो, पण शब्द कळत नाही. ओरडल्याने स्वर फुगतात आणि व्यंजनं आणखी बुडतात. वर ओरडणारा चेहरा रागावलेला दिसतो.

असं करा: टीव्ही आणि पंखा बंद करा. तीन फुटांवर, समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या; खिडकीकडे पाठ करून बसलात तर ओठ काळोखात जातात. आधी हाक मारा किंवा हाताला हलकेच स्पर्श करा, बघितल्यावरच बोला. आवाज थोडा खालच्या पट्टीत, नेहमीपेक्षा जरासाच मोठा ठेवा. आधी विषय सांगा, मग गोष्ट: "बँकेचं बोलतोय. पेन्शन जमा झाली." कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. जे कान पूर्ण गेलेत त्यांच्यासाठी पाटी-पेन किंवा मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिणं बरं. जन्मतः ऐकू न येणाऱ्यांची भाषा मात्र वेगळी असते: भारतीय सांकेतिक भाषा, जिच्या शब्दकोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० संज्ञा आहेत आणि ज्याचे व्हिडिओ मोबाइलवर बघता येतात. घरात असं मूल असेल तर ती भाषा आईवडिलांनी, भावंडांनी, आजीने, सगळ्यांनी शिकायला हवी, आणि तेही मूल शाळेत जायच्या कितीतरी आधी.

आणि चारचौघांत बसलेले आबा मध्येच हसून मान डोलवतात तेव्हा त्यांना विनोद कळला असं धरू नका. बरेचदा ते फक्त सगळ्यांबरोबर हसत असतात. जवळ सरका आणि काय झालं ते एका वाक्यात परत सांगा.